एअर पिस्तुलासाठी छर्रा कसा निवडावा: पुण्यातील नवशिक्या नेमबाजासाठी सविस्तर मार्गदर्शन

बालेवाडीच्या रेंजवर दर महिन्याला कोणीतरी नवा मुलगा मला विचारतो, "काका, काडतुसं घरी भरायला सुरुवात करायची तर दारू कोणती घ्यावी?" परदेशातील व्हिडिओ पाहून हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे, कारण तिकडे रिकामी पुंगळी पुन्हा भरणे हा हजारो लोकांचा छंद आहे आणि पिस्तुलाच्या आखूड नळीसाठी झटकन जळणारी दारू कोणती, यावर तिथे तासन्‌तास चर्चा होतात. आपल्याकडे मात्र या प्रश्नाचे उत्तर कायद्यातच आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, आणि पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. शिवाय २५ मीटर क्रीडा पिस्तुलात वापरले जाणारे पॉइंट टू टूचे काडतूस रिमफायर असते. त्याचे पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेले असते आणि घोडा पडला की ती कड चेपते, म्हणून ते काडतूस पुन्हा भरण्याजोगे उरतच नाही. ज्या शहराच्या खडकीत १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्या पुण्यातल्या नेमबाजाला दारूची निवड कधीच करावी लागत नाही, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

नवशिक्याला जी निवड खरोखर करावी लागते ती छर्ऱ्याची. एअर पिस्तुलात दारूचे काम दाबलेली हवा करते आणि ती हवा सर्वांना सारखीच मिळते. फरक पडतो तो शिशाच्या त्या अर्ध्या ग्रॅमच्या तुकड्यामुळे. रेंजवर सगळे त्याला पेलेटच म्हणतात, मीही बोलताना तसेच म्हणतो, पण लिहिताना छर्रा हा आपला जुना शब्द सोयीचा वाटतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तुलात कांस्यपदक मिळवले आणि त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य आणले. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या घरांतून नव्या मुलांची चौकशी वाढली, आणि पिस्तूल घेतल्यानंतरचा त्यांचा पहिला खर्चही याच डबीवर होतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की पहिले सहा महिने महागडा छर्रा घेऊन गुण वाढत नाहीत, आणि डबीतला वाकडा छर्रा न पाहता झाडल्याने मात्र नक्की कमी होतात. हे असे का होते ते आधी आकड्यांत पाहू आणि मग पायऱ्यांकडे वळू.

आधी लक्ष्याचे गणित

दहा मीटर एअर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलीमीटर असतो, नऊचा २७.५, आठचा ४३.५ आणि सातचा ५९.५. सातपासून आतला भाग काळा असतो. छर्ऱ्याची जाडी ४.५ मिलीमीटर असते आणि भोकाची कड दहाच्या रेषेला नुसती लागली तरी दहा गुण मिळतात, म्हणून छर्ऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून ८ मिलीमीटरपर्यंत सरकले तरी दहा हातचे जात नाहीत. याचा अर्थ असा की एखादा छर्रा शिकंज्यात पकडलेल्या पिस्तुलातून १० मिलीमीटरच्या घोळक्यात पडत असेल, तर तो एकट्याने कोणाचाही दहा चुकवत नाही.

आता माणसाचा हात धरा. नवशिक्याचे फटके बहुतेक काळ्या भागात पडू लागले, म्हणजे त्याच्या हाताचा पसारा साधारण ६० मिलीमीटर झाला, असे मानू. हाताचा पसारा आणि छर्ऱ्याचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. शाळेतल्या पायथागोरसच्या त्रिकोणासारखी वर्गांची बेरीज होते. साधा छर्रा १० मिलीमीटरचा असेल तर एकूण पसारा ६०.८ होतो आणि स्पर्धेचा महाग छर्रा ५ मिलीमीटरचा असेल तर ६०.२ होतो. सहा दशांश मिलीमीटरसाठी कितीतरी पट पैसे मोजले, असा त्याचा हिशेब होतो. हेच जो खेळाडू २० मिलीमीटरमध्ये मारतो त्याच्याबाबतीत आकडे २२.४ आणि २०.६ असे येतात, आणि अंतिम फेरीत दशांशात गुण मोजताना प्रत्येक दशांश गुण ०.८ मिलीमीटरचा असल्यामुळे तिथे हा फरक, पसारा केंद्राच्या दोन्ही बाजूंना वाटला जात असल्यामुळे, साधारण एका दशांशाचा ठरतो. हा हिशेब ढोबळ आहे, परंतु खर्च कधी करायचा ते सांगायला तो पुरतो.

पहिली पायरी: आकार आणि वजन

कायद्याच्या दृष्टीने ४.५ मिलीमीटर नळीचे आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेचे हवेचे शस्त्र परवान्याच्या कक्षेत येत नाही. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागतो, तो आनंदाने द्यावा. स्पर्धेचे एअर पिस्तूल सेकंदाला साधारण १५० मीटर वेगाने छर्रा फेकते आणि त्याची ऊर्जा सहा जूलच्या आतबाहेर राहते, त्यामुळे या मर्यादेचा आपल्याला त्रास नाही. तरीही हे खेळणे नव्हे. सहा जूल डोळा घालवायला पुरेसे आहेत.

छर्ऱ्याचा आकार डमरूसारखा असतो: पुढे डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे पोकळ घेर. हवा मागून दाबते तेव्हा घेर फुलून नळीच्या आतल्या सर्पिल आट्यांना घट्ट बसतो आणि डोके त्या आट्यांवर सरळ चालत जाते. सपाट डोक्याचाच छर्रा घ्यावा, कारण तो कागदाला पंच केल्यासारखे गोल भोक पाडतो. टोकदार किंवा घुमटाकार डोक्याचा छर्रा कागद फाडतो आणि गुण ठरवताना वाद होतात. नव्या मुलांना टोकदार छर्रा दिसायला जोरदार वाटतो आणि दुकानदारही तोच पुढे करतो. तो बाजूला ठेवायला सांगावा.

वजनाबाबत गोंधळ फार आहे. पिस्तुलासाठी म्हणून विकले जाणारे स्पर्धेचे छर्रे ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचे असतात आणि रायफलसाठीचे ०.५३ ग्रॅमचे. उदाहरणार्थ, आरडब्ल्यूएस कंपनीचा आर टेन पिस्तूल छर्रा ०.४५ ग्रॅमचा आहे आणि एच अँड एन कंपनीचा फिनाले मॅचचा हलका प्रकार ०.४९ ग्रॅमचा. डबीवर वजन ग्रेनमध्ये लिहिले असेल तर एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम, हे लक्षात ठेवावे. हलका छर्रा नळीतून किंचित लवकर सुटतो आणि घोडा ओढल्यानंतर हात हलायला तेवढा कमी वेळ मिळतो, म्हणून पिस्तुलासाठी हलका, एवढेच यामागचे कारण आहे. दहा मीटर जायला छर्ऱ्याला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो आणि तेवढ्या वेळात तो साधारण २२ मिलीमीटर खाली येतो. वजन आठ टक्क्यांनी वाढले तर हे उतरणे दोन मिलीमीटरच्या आत वाढते, आणि पिस्तुलावरच्या मागच्या नेमाचा स्क्रू काही टिचक्या फिरवला की ते भरून निघते. त्यामुळे रेंजवर रायफलच्या छर्ऱ्याची डबी उरलेली असेल आणि कोणी ती आपुलकीने दिली, तर सरावासाठी ती खुशाल वापरावी.

दुसरी पायरी: पहिली डबी

सुरुवातीला सपाट डोक्याचा, पिस्तुलासाठीचा, मध्यम किमतीचा एकच छर्रा निवडावा आणि सहा महिने तोच ठेवावा. कोणता, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते तो पुण्यात सलग मिळण्याला. आयात माल कधी मिळतो तर कधी तीन महिने मिळत नाही, म्हणून आपल्या प्रशिक्षकांना आणि रेंजवरच्या जुन्या लोकांना विचारावे की मागच्या वर्षभरात कोणती डबी कधीच संपली नाही. तीच घ्यावी. अगदी स्वस्त, सुट्या पिशवीत मिळणारे छर्रे मात्र टाळावेत, कारण पिशवीत एकमेकांवर आपटून त्यांचे घेर चेपलेले असतात.

किती घ्यावे, याचाही हिशेब करावा. आठवड्यातून तीन दिवस आणि दर दिवशी ८० फटके धरले तर आठवड्याला २४० छर्रे लागतात. पाचशेची डबी दोन आठवडे पुरते, आणि सहा महिन्यांना साधारण तेरा डब्या होतात. पहिल्याच महिन्यात तेरा डब्या घेऊ नयेत. मुलाचा उत्साह टिकतो की नाही ते आधी पाहावे; माझ्या एका शेजाऱ्यांच्या कपाटात अजून नऊ डब्या पडून आहेत आणि मुलगा आता गिटार शिकतो.

तिसरी पायरी: रोजची तपासणी

ही पायरी मी लांबवणार आहे, कारण नवशिक्याचे गुण इथेच जातात.

काही वर्षांपूर्वी माझी अर्धी भरलेली डबी रेंजच्या फरशीवर पडली. छर्रे सगळीकडे घरंगळले, मी शरमून घाईघाईने सगळे गोळा केले आणि पुन्हा त्याच डबीत ओतले. पुढचे दोन आठवडे माझा दर दहावा-बारावा फटका कारण नसताना सातात किंवा सहात जाऊ लागला. मी मूठ तासली, घोड्याची जागा बदलली, चष्म्याचा नंबर तपासून आलो. शेवटी आमच्या प्रशिक्षकांनी काही न बोलता डबी एका पांढऱ्या ताटलीत ओतली आणि एक छर्रा उचलून उजेडात धरला. त्याचा घेर गोल नव्हता, चिंचोक्यासारखा झाला होता.

तेव्हापासून मी असे करतो. सरावाला लागणारे छर्रे आदल्या रात्री पांढऱ्या कागदावर ओततो आणि एकेक करून काचेच्या तुकड्यावर हलकेच घरंगळू देतो. छर्ऱ्याचा घेर डोक्यापेक्षा मोठा असल्यामुळे चांगला छर्रा सरळ जात नाही. तो डोक्याकडे वळत सुबक कमान काढतो. चेपलेला छर्रा चालताना अडखळतो, उड्या मारतो, मध्येच थांबतो. मग घेराची पोकळ बाजू डोळ्यांसमोर धरून पाहावी: कड अखंड गोल हवी, आत शिशाची कुसळे किंवा पातळ पापुद्रे नसावेत. डोक्यावर ओरखडा असेल तर तोही वेगळा काढावा. ऐंशी छर्ऱ्यांना सवय झाल्यावर दहा मिनिटे लागतात. चेपलेला घेर चिमट्याने किंवा पेन्सिलीच्या टोकाने गोल करण्याचा मोह आवरावा; तो कधीच पूर्ववत होत नाही.

निवडलेले छर्रे उभे बसतील अशी फोमची किंवा भोके पाडलेल्या रबराची पट्टी मिळते, त्यात ठेवावेत. पिस्तुलात भरताना डोके पुढे ठेवून अंगठ्याने सरळ ढकलावा आणि घेराची कड नळीच्या मागच्या तोंडाशी समतल झाली की थांबावे; दर वेळी तेवढाच दाब द्यावा. छर्रा तिरका शिरला आणि झाकण जोरात बंद केले, तर वर सांगितलेल्या सगळ्या तपासणीवर पाणी पडते.

वजन करून निवड करण्याबद्दल मला अनेकदा विचारतात. लक्ष्मी रस्त्यावरच्या सराफाकडे असतो तसा शतांश ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आता सहज मिळतो, आणि तो घेऊन पाचशे छर्रे तोलत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. छर्ऱ्याच्या वजनात शतांश ग्रॅमचा फरक असेल तर तो दोन टक्के झाला, आणि दोन टक्क्यांनी उतरणे अर्ध्या मिलीमीटरपेक्षाही कमी बदलते. ६० मिलीमीटरच्या पसाऱ्यात हा फरक दिसणार नाही. तेवढा वेळ पिस्तूल हातात धरून भिंतीसमोर कोरडा, म्हणजे छर्रा न भरता, सराव करावा.

साठवण आणि शिशाची काळजी

पुण्यातला पावसाळा छर्ऱ्यांना मानवत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडी राहिलेली डबी हळूहळू पांढुरकी पडते. ती शिशावरची बुरशी नव्हे, ऑक्सिडीकरणाची पूड असते आणि तिच्यामुळे छर्रा नळीत असमान घासतो. डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी, झाकणावर चिकटपट्टी लावावी आणि उघडल्याची तारीख लिहावी. स्कूटरच्या डिकीत डबी सुटी ठेवू नये. खड्ड्यांतून बालेवाडीला पोहोचेपर्यंत काय होते ते मी फरशीच्या गोष्टीत सांगितलेच आहे; डबीतली मोकळी जागा कापसाने किंवा फोमने भरली की छर्रे हलत नाहीत.

काही जण छर्ऱ्यांना तेल लावतात. सिलिंडरवर चालणाऱ्या पिस्तुलात, जिथे हवा २०० बारच्या दाबाने भरलेली असते, खनिज तेल अजिबात जाऊ देऊ नये. दाबलेल्या हवेत तेलाची वाफ पेटू शकते. सिलिंडरचेही आयुष्य दहा वर्षांचे असते आणि त्यावर छापलेली तारीख उलटली की स्पर्धेत तो चालत नाही, म्हणून जुने पिस्तूल विकत घेणाऱ्यांनी छर्ऱ्याआधी ती तारीख वाचावी.

शिसे विषारी आहे आणि ते शरीरात साठत जाते. छर्रे तोंडात धरण्याची सवय काही मुलांना असते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडू नये, घरी लहान मूल असेल तर काचेवरची तपासणी जेवणाच्या टेबलावर करू नये, आणि रेंजवरचे कपडे वेगळे धुवावेत. लक्ष्यामागच्या पेटीत साठलेले शिसे झाडूने झाडल्यास धूळ उडते. ओल्या फडक्याने उचलावे.

चौथी पायरी: छर्ऱ्याची खरी चाचणी

साठ फटक्यांत सातत्याने ५४० च्या पुढे गुण येऊ लागले, म्हणजे सरासरी नऊची झाली, की आपल्या नळीला कोणता छर्रा आवडतो हे शोधण्यात अर्थ आहे. एकाच कंपनीच्या दोन पिस्तुलांना वेगवेगळे छर्रे आवडतात, म्हणून मित्राचा निकाल आपल्या उपयोगाचा नसतो. डबीवर डोक्याचे माप लिहिलेले असते: ४.४९, ४.५०, ४.५१ मिलीमीटर. या शतांशांचाच खेळ आहे. सैल डोके आट्यांवर डगमगते आणि फार घट्ट डोके नळीत शिरतानाच सोलले जाते. तीनही मापांची एकेक डबी चार-पाच जणांनी मिळून आणावी आणि वाटून घ्यावी.

चाचणीसाठी पिस्तूल शिकंज्यात पकडावे. रेंजवर तो नसेल तर प्रशिक्षकांच्या परवानगीने वाळूच्या पिशव्यांवर दोन्ही हातांनी टेकवावे. सिलिंडर भरलेला असावा, कारण दाब उतरत गेला की फटके उभ्या रेषेत पसरतात आणि दोष विनाकारण छर्ऱ्यावर येतो. छर्रा बदलला की पहिले दहा फटके मोजू नयेत. नळीत आधीच्या शिशाचा लेप असतो, तो बदलू द्यावा. मग प्रत्येक प्रकाराचे दहा-दहा फटक्यांचे तीन घोळके कागदी लक्ष्यावर घ्यावेत. पाच फटक्यांचा एकच सुंदर घोळका पाहून डबी ठरवणारे लोक पुढच्या महिन्यात पुन्हा डबी बदलताना दिसतात, कारण पाच फटके नशिबानेही एकत्र पडतात.

मोजण्यासाठी बोहरी आळीत मिळणारा साधा व्हर्निअर कॅलिपर पुरतो. घोळक्यातील सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडा मोजाव्यात आणि त्यातून ४.५ वजा करावेत. उरतो तो केंद्रापासून केंद्रापर्यंतचा पसारा. समजा बाहेरून १२.५ आले, तर पसारा ८ मिलीमीटर झाला. तीन घोळक्यांची सरासरी काढावी, पण वाईट घोळका सोडून देऊ नये. दोन छर्ऱ्यांच्या सरासरीत मिलीमीटरभरच फरक असेल तर स्वस्त आणि सहज मिळणारा घ्यावा, आणि १० मिलीमीटरच्या पुढचा छर्रा फक्त सरावाला ठेवावा.

जो जिंकेल त्याच्या डबीवरचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा. एकाच नावाचा छर्रा वेगळ्या साच्यातून आला की वेगळा पडू शकतो, म्हणून स्पर्धेच्या हंगामासाठी त्याच लॉटच्या चार-पाच डब्या एकदम घ्याव्यात आणि त्या सरावात संपवू नयेत. मी स्पर्धेच्या डबीला लाल चिकटपट्टी लावतो. सराव त्याच प्रकाराच्या दुसऱ्या लॉटवर करतो आणि स्पर्धेच्या आठवड्यात शेवटचे दोन दिवस लाल पट्टीची डबी उघडतो, म्हणजे नेमाच्या टिचक्या रेंजवरच ठरतात आणि स्पर्धेच्या दिवशी नेम जुळवण्याच्या पंधरा मिनिटांत छर्ऱ्याची शंका मनात येत नाही.